ऑटोमॅटिक गाडीतला ‘एस’ नेमकं काय करतो?

दसऱ्याला माझ्या मामांनी आयुष्यातली पहिली ऑटोमॅटिक गाडी घेतली. चाळीस वर्षं क्लच दाबलेला माणूस. चिपळूणहून कराडला, म्हणजे कुंभार्ली घाटातून, महिन्यातून दोनदा तरी जाणं-येणं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

“अरे, गाडी झकास आहे, पण घाटात डोकं खाते. जरा कुठे थर्ड पडला की तिला दम लागतो, मग सेकंड, की परत थर्ड. आणि उतरताना तर धरूनच ठेवत नाही. सारखा ब्रेकवर पाय.”

“मामा, स्पोर्ट मोड, म्हणजे तो ‘एस’, लावून बघितलात का?”

“छे! गाडी देतानाच त्या मुलाने सांगितलंय, ते बटण पोरासोरांसाठी. आपण हात लावायचा नाही, मायलेज जातं.”

हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. स्पोर्ट म्हणजे शर्यत, शर्यत म्हणजे वेग, आणि आपल्याला वेग नको, तेव्हा ते बटण आपलं नाही, असा सरळ हिशेब लोक मांडतात. त्या नावाने फार घोळ घातला आहे. ज्यांना त्याचा खरा उपयोग आहे, म्हणजे घाटातून कुटुंब घेऊन जाणारी पन्नाशी-साठीतली माणसं, तीच त्याच्यापासून लांब राहतात. म्हणून गाडीच्या आत काय घडतं ते मुळापासून सांगतो.

आधी गियरचं काम

गियरची सायकल चालवली असेल तर अर्धं काम झालं. चढावर आपण हलका गियर टाकतो. पाय भराभर फिरतात, चाक सावकाश फिरतं, पण चढ चढवतो. सपाटीवर जड गियर. पाय निवांत, चाक वेगात. इंजिनाचंही हेच.

दोन शब्द समजून घेऊ. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याला आरपीएम म्हणतात. डॅशबोर्डवर वेगाच्या शेजारी जो दुसरा काटा असतो, तो हाच. आणि प्रत्येक फेऱ्यात इंजिन किती जोराने पीळ देतं, त्याला टॉर्क. पाना लावून घट्ट बसलेला नट सोडवताना मनगटाला लागतो तो जोर म्हणजे टॉर्क.

गाडीची खरी ताकद, ज्याला आपण हॉर्सपॉवर म्हणतो, ती या दोघांच्या गुणाकारातून येते: एका फेऱ्यातला पीळ गुणिले मिनिटाचे फेरे. हा गुणाकार नीट लक्षात राहिला तर पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून एका खऱ्या गाडीचे आकडे घेतो. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तेव्हा बनत असलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. इंजिन १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, गियरबॉक्स ७ गियरचा ऑटोमॅटिक. तिचा जास्तीत जास्त टॉर्क होता १७५ न्यूटन मीटर, आणि तो १५०० फेऱ्यांपासून ४१०० फेऱ्यांपर्यंत तसाच मिळायचा. म्हणजे पेडल पूर्ण दाबलं तर १५०० फेऱ्यांवर प्रत्येक फेऱ्याचा पीळ जेवढा, तेवढाच ४००० वर. आता गुणाकार करा. १५०० फेऱ्यांवर ताकद येते सुमारे ३७ हॉर्सपॉवर. ४००० वर येते सुमारे १००.

गाडी तीच, इंजिन तेच, पायही तितकाच दाबलेला, तरी हाताशी येणारी ताकद जवळजवळ पावणेतीन पट. फरक फक्त काटा कुठे आहे याचा. आणि काटा कुठे असेल हे ठरवतो गियर.

मग गियर कधी बदलायचा, हे कोण ठरवतं?

मॅन्युअल गाडीत तुम्ही. कान आवाज ऐकतो, पायाला इंजिनाचा थरकाप कळतो, डोळ्यांना पुढचं वळण दिसतं, आणि हात आपोआप दांड्यावर जातो. ऑटोमॅटिक गाडीला हे डोळे-कान नाहीत. तिला मुख्यतः दोन गोष्टी ठाऊक असतात: गाडीचा वेग किती आणि तुमचा पाय किती दाबलेला आहे.

फार पूर्वी हा निर्णय चक्क तेल घेत असे. जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी १९३९ च्या शेवटी हायड्रामॅटिक हा गियरबॉक्स आणला. त्यात आणि त्याच्यानंतर आलेल्या पिढ्यांत वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब एका छोट्या झडपेला एका बाजूने ढकलायचा, आणि पेडलबरोबर वाढणारा जोर दुसऱ्या बाजूने. वेगाची बाजू जिंकली की वरचा गियर, पायाची बाजू जिंकली की खालचा. तेलाची रस्सीखेचच ती. विजेचा एक तार न लावता हे चालायचं, याचं मला अजूनही फार कौतुक वाटतं.

१९८० च्या दशकात हा निर्णय कॉम्प्युटरकडे गेला. आता रस्सीखेच नाही, कॉम्प्युटरच्या पोटात एक तक्ता असतो. एवढा वेग आणि एवढा पाय असेल तर अमुक गियर. त्या काळच्या काही बीएमडब्ल्यू आणि टोयोटा गाड्यांत दांड्याजवळ एक छोटं बटण आलं, कुठे त्यावर ‘एस’, कुठे ‘पॉवर’. बटण दाबलं की कॉम्प्युटर पहिला तक्ता मिटायचा आणि दुसरा उघडायचा.

स्पोर्ट मोड मुळात एवढाच आहे. दुसरा तक्ता.

पाय हुकूम देत नाही, अर्ज देतो

तक्त्यात काय बदलतं ते पाहण्याआधी पेडलबद्दल एक गोष्ट. जुन्या गाड्यांत एक्सलरेटरपासून इंजिनापर्यंत एक केबल जायची. पाय जितका दाबाल तितकी हवेची झडप उघडायची. आजच्या गाड्यांत ती केबल नाही. पेडलखाली सेन्सर आहे, तो कॉम्प्युटरला सांगतो की साहेबांनी पाय इतका दाबलाय. झडप किती उघडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे तुमचा पाय म्हणजे एक अर्ज आहे. मंजूर किती होणार, ते मोडवर अवलंबून.

‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे गाडीचा नेहमीचा मोड) अर्ज जरा हात राखून मंजूर होतो. पाय पाव दाबला तर झडप थोडीच उघडते, कारण ट्रॅफिकमध्ये गाडी मऊ चालावी, पाठीमागे बसलेल्या आजीला हिसका बसू नये. ‘एस’मध्ये तेवढ्याच पायाला झडप बरीच जास्त उघडते. घरातला जुना नळ चार वेळा फिरवल्यावर पूर्ण उघडतो, नवा पाव फेऱ्यात. टाकी तीच, पाइप तोच, पूर्ण उघडल्यावर पाणीही तेवढंच. सुरुवातीला मात्र नव्या नळाला जोर जास्त वाटतो.

म्हणूनच स्पोर्ट मोड लावला की पहिल्या क्षणी ‘काय पिकअप आलाय!’ असं वाटतं. त्यातला बराचसा भाग नळाचा आहे. खरी गंमत गियरमध्ये आहे.

खो-खोची बैठक

खो-खोच्या मैदानात मधल्या पाटीवर बसलेला खेळाडू आठवा. मांडी घालून बसलेला नसतो तो. चवड्यांवर भार, एक गुडघा वर, हात जमिनीला टेकलेले. खो मिळताच सुटायचं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे पाय काही कमी ताकदीचे नसतात, पण त्याला आधी उठावं लागतं, आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. चवड्यांवर बसण्यात कष्ट आहेत, मांड्या भरून येतात, म्हणून घरी कुणी तसं बसत नाही.

‘डी’ म्हणजे इंजिनाची मांडी. संधी मिळताच वरचा गियर टाकायचा, फेरे कमी करायचे, निवांत बसायचं. ‘एस’ म्हणजे चवड्यांवरची बैठक. वरचा गियर उशिरा टाकायचा आणि खालचा लवकर. पाय थोडा सैल सोडला म्हणून लगेच वरच्या गियरला पळायचं नाही, थांबायचं. अनेक गाड्या तर ‘एस’मध्ये सगळ्यात वरचा गियर वापरतच नाहीत.

समजा, तुम्ही शहरातल्या रस्त्यावर हलक्या पायाने चालला आहात. ‘डी’मध्ये दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गाडी वरचा गियर टाकून मोकळी होईल. ‘एस’मध्ये तोच गियर तीन हजार किंवा त्याच्याही पुढे टाकेल. आकडे गाडीगणिक बदलतात, तत्त्व बदलत नाही: काटा त्या जागी धरून ठेवायचा जिथे मघाचा गुणाकार आपल्या बाजूने आहे. टर्बो इंजिनात आणखी एक फायदा. टर्बोचा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने फिरतो. फेरे पडले की पंखा मंदावतो, आणि पुन्हा जोर मागितला की तो फिरेपर्यंत एक क्षण गाडी सुन्न वाटते. फेरे वर ठेवले की पंखा फिरतच राहतो.

मग गाडीची ताकद वाढली की नाही?

बहुतेक गाड्यांत नाही. इंजिनाच्या कागदावर लिहिलेली ताकद दोन्ही मोडमध्ये तीच. ‘डी’मध्ये पेडल अगदी तळाला टेकेपर्यंत दाबलं, तर कॉम्प्युटर समजतो की माणसाला आता सगळंच हवंय. तो झडप पूर्ण उघडतो, दोन-तीन गियर एकदम खाली येतो आणि काटा लाल पट्ट्याजवळ, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेजवळ, जाईपर्यंत ओढतो. या प्रकाराला किकडाउन म्हणतात. तेव्हा ‘डी’ आणि ‘एस’ जवळजवळ सारखेच वागतात. घड्याळ लावून मोजलं तर अंतर फारसं उरत नाही. काही महागड्या गाड्या थोड्या वेळापुरता जादा टॉर्क देतात किंवा पेट्रोल वाचवणाऱ्या ‘इको’ मोडमध्ये हात आखडतात, पण ते अपवाद. पोर्शेच्या काही गाड्यांत स्टिअरिंगवर एक बटण असतं, ते दाबलं की २० सेकंद इंजिन आणि गियरबॉक्स कमाल तयारीत राहतात. ओव्हरटेकपुरती खो-खोची बैठक, मग पुन्हा मांडी. मला ही कल्पना सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण स्पोर्ट मोडचा खरा अर्थ तिने उघड सांगितला आहे.

बाकी बऱ्याच गाड्यांत ‘एस’ लावताच स्टिअरिंग जड होतं, डॅशबोर्ड लाल होतो, काहींमध्ये सस्पेन्शन कडक होतं. काही कंपन्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाजही मिसळतात. लाल रंगाने गाडी पळत नाही. हे बरेचसे मनाचे खेळ आहेत, त्यात अडकू नका.

एवढं चांगलं आहे तर ‘डी’च असा का नाही बनवत?

इथे पेट्रोलचा प्रश्न येतो, आणि ज्यांना मायलेजची काळजी आहे त्यांची काळजी खोटी नाही.

इंजिनाचा प्रत्येक फेरा म्हणजे एसटीची एक खेप समजा. गाडीत दहा माणसं असोत की पन्नास, खेपेचा ठरलेला खर्च होतोच. म्हणून पन्नास माणसं एका खेपेत नेणं स्वस्त, पाच खेपांत दहा-दहा नेणं महाग. कमी फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात भरपूर काम, ही ‘डी’ची पद्धत. इंजिनाच्या आत पिस्टन घासतात, तेल घुसळलं जातं, अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढताना इंजिनाला नाकावर फडकं धरून श्वास घेतल्यासारखी ताकद घालवावी लागते. जेवढे फेरे जास्त, तेवढा हा वरखर्च जास्त. ‘एस’ म्हणजे अर्ध्या रिकाम्या गाड्या सतत सोडत राहणं. अचानक गर्दी आली तर गाडी दाराशी उभी, पण गर्दी नसतानाही डिझेल जळतंच.

म्हणून सपाट, मोकळ्या हायवेवर ८० च्या वेगाने तासभर ‘एस’मध्ये जाणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तिथे ‘डी’च बरोबर. पुण्याच्या सिग्नलमागून सिग्नलमध्येही तसंच. गाडी हिसके देत चालेल, पाठीमागच्यांना मळमळेल, फायदा शून्य.

घाट चढताना

आता मामांची तक्रार. चढावर ‘डी’चं काय होतं पाहा. सेकंडमध्ये गाडी चढतेय. वळण आलं, तुम्ही पाय सैल केला. कॉम्प्युटरला वळण दिसत नाही. त्याला वाटलं, माणसाला आता जोर नको, टाका थर्ड. वळण संपलं, तुम्ही पाय दाबला. थर्डमध्ये चढ झेपत नाही, फेरे पडले, की परत सेकंड. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. कुंभार्लीसारख्या घाटात अशी वळणं एकामागून एक येतात, आणि गियरबॉक्सला क्षणाचीही उसंत मिळत नाही. प्रत्येक बदलात आतले क्लच घासतात, तेल तापतं, आणि चालवणाऱ्याचा विश्वास उडतो.

‘एस’मध्ये कॉम्प्युटर हट्टी होतो. पाय सैल झाला तरी सेकंड सोडत नाही. वळणातून बाहेर येताना गाडी आधीच योग्य गियरमध्ये असते, जशी ती मामांच्या जुन्या मॅन्युअल गाडीत असायची, कारण तिथे मामांच्या डोळ्यांना वळण दिसत होतं. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींना चढ ओळखता येतो आणि त्या ‘डी’मध्येही थोडं सांभाळून घेतात. पण सगळ्यांना जमतं असं नाही. आणि मायलेजचं म्हणाल, तर चढावर गाडीला ताकद लागतेच. ‘डी’मध्ये वरच्या गियरला धापा टाकून, वारंवार गियर बदलून चढलात म्हणून वाचणारं पेट्रोल फार थोडं.

उतरताना तर जास्तच

मला या लेखात सगळ्यात कळकळीने हेच सांगायचं आहे.

माणसांसकट दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते, म्हणजे ढोबळमानाने खंडाळ्याचा घाट उतरते, तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती किती असते? साधारण २३ लिटर नळाचं पाणी उकळीला आणता येईल इतकी. दोन कळशा पाणी. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते. उरलेली सगळी जर ब्रेकवर टाकली, तर ती चार चाकांमधल्या तळहाताएवढ्या पॅडांमध्ये उष्णता होऊन बसते. पॅड फार तापले की पकड सुटते, ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल स्पंजासारखं तळाला जातं. ‘घाटात ब्रेक फेल झाला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो.

म्हणून जुने ड्रायव्हर शिकवायचे, ज्या गियरमध्ये घाट चढता त्याच गियरमध्ये उतरा. खालच्या गियरमध्ये पाय एक्सलरेटरवरून काढला की चाकं इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन ती ताकद हवा ओढण्यात-दाबण्यात जिरवतं. इंजिन स्वतःच ब्रेक होतं. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये हे विसरते. पाय काढला, वेग वाढतोय, म्हणजे वरचा गियर टाकायला हरकत नाही, असा तिचा तक्ता सांगतो. मग इंजिनाचा धरून ठेवण्याचा जोर जवळजवळ नाहीसा होतो. मामा म्हणाले ते, गाडी ‘धरूनच ठेवत नाही’.

‘एस’मध्ये वरचा गियर उशिरा पडतो. काही गाड्या ब्रेकला पाय लावताच आपणहून एक गियर खालीही येतात. इंजिनाचा आवाज चढतो, त्याला घाबरू नका. आणि इथे मायलेजची भीती तर साफ चुकीची आहे. आजच्या इंजिनात गियर लागलेला असताना पाय पूर्ण काढला आणि फेरे पुरेसे वर असले की कॉम्प्युटर पेट्रोल सोडणंच बंद करतो. काटा तीन-साडेतीन हजारांवर, आवाज मोठा, आणि पेट्रोल शून्य. उलट पेट्रोल वाचवायचं म्हणून न्यूट्रल करून घाट उतरणारे लोक इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळत असतात, आणि एकमेव आधार म्हणून तापलेले ब्रेक.

तुमच्या गाडीत ‘एस’ने उतारावर फरक पडत नसेल, तर दांडा ‘एम’कडे (मॅन्युअल, म्हणजे गियर आपण ठरवायचा) घ्या किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गियर खाली आणा. ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गियर) असेल तर तीव्र उतारावर तो वापरा. साधन कुठलंही असो, गाडी खालच्या गियरमध्ये हवी.

ओव्हरटेक

मुंबई-गोवा रस्त्याच्या एखाद्या अरुंद तुकड्यावर ट्रकच्या मागे ६० ने चालला आहात. ‘डी’मध्ये गाडी वरच्या गियरला पोचलेली आहे. समोर मोकळं दिसलं, पाय दाबला. कॉम्प्युटरने अर्ज वाचला, गियर खाली आणला, टर्बो जागा झाला. यात एक सेकंद गेला असं धरा. ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तेवढं अंतर तुम्ही ताकदीशिवाय, उजव्या बाजूला, काढलेलं असतं. म्हणून ‘एस’ बाहेर पडण्याआधी लावायचा, ट्रकच्या मागे असतानाच. पाय दाबेपर्यंत गियर खाली आलेला असतो, आणि मघाच्या ३७ हॉर्सपॉवरपासून सुरुवात करण्याऐवजी तुम्ही बऱ्याच जास्त ताकदीपासून सुरुवात करता. समोरचं नीट दिसत नसेल तर मात्र कुठलाच मोड कामाचा नाही. ट्रकच्या मागेच राहायचं.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात

एएमटी म्हणजे मॅन्युअल गियरबॉक्सच, फक्त क्लच आणि दांडा मोटर किंवा तेलाचा दाब हलवतो. टाटाच्या २०१५ च्या जेनएक्स नॅनोच्या एएमटीलाही स्पोर्ट मोड होता, म्हणजे ही श्रीमंतांची चैन नाही. पण एएमटीत गियर बदलतानाची ती मान डोलावणारी उसंत ‘एस’मध्येही राहतेच, कारण क्लच सोडायला-धरायला वेळ लागतो. आणखी एक. चढावर उभं राहताना एक्सलरेटरवर गाडी तोलून धरू नका. तो हाफ क्लचच आहे, दिसत नाही इतकंच, आणि तो जळतो. ब्रेक लावा.

सीव्हीटीत गियर नसतातच. दोन कप्प्या आणि एक पट्टा, कप्पी रुंद-अरुंद होत जाते. तिथे ‘एस’ फक्त फेरे वर धरून ठेवतो. होंडाच्या काही सीव्हीटी गाड्यांत ‘डी’च्या खाली ‘एस’ आणि त्याखाली ‘एल’ असतो. घाटासाठी हे दोन्ही आहेत, शोभेसाठी नाहीत.

ड्युअल क्लच गियरबॉक्समध्ये एका क्लचवर विषम गियर, दुसऱ्यावर सम. पुढचा गियर आधीच लावून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल क्षणार्धात होतो. पोलो जीटी याच जातीची, आणि ‘एस’चा सर्वात स्पष्ट अनुभव इथे येतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद नेणारी जुनी ऑटोमॅटिक, सगळ्यात सोशिक. ‘एस’मध्ये ती बहुधा आतला कुलूप-क्लच (तेलातली घसरण थांबवून इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडणारा) लवकर लावते, म्हणून पाय आणि चाक यांचं नातं घट्ट वाटतं.

इंजिन झिजेल का? चालत्या गाडीत लावता येतो का?

इंजिन लाल पट्ट्यापर्यंत फिरण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि ‘एस’ तिथपर्यंत पोचतही नाही, निदान रोजच्या चालवण्यात. खालच्या गियरला गेल्याने फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर कॉम्प्युटर तो गियर टाकायलाच नकार देतो. काळजी दोनदाच घ्यायची. सकाळी थंड इंजिनावर लगेच ‘एस’ नको, तेल पातळ होऊन सगळीकडे पोचू दे. आणि टर्बो गाडी घाट जोरात चढून आल्यावर माथ्यावर चहासाठी थांबलात तर एखादा मिनिट चालू ठेवून मग बंद करा.

चालत्या गाडीत बहुतेक गाड्यांत लावता-काढता येतो, थांबावं लागत नाही. फक्त ज्यांचा ‘एस’ दांड्यावर आहे त्यांनी आधी गाडी उभी असताना हाताला सवय करून घ्यावी, म्हणजे गडबडीत दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर, जाणार नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात त्याचं एक पान असतं, ते वाचा.

पावसाळ्यात मात्र जपून. कोकणातल्या ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर ‘एस’मधलं चटकन उत्तर देणारं पेडल धोक्याचं ठरू शकतं. थोडा पाय जास्त पडला की चाक घसरतं. ओल्या उतारावर खालचा गियर हवाच, पण तो ‘एम’ने किंवा पट्ट्यांनी घेणं बरं, कारण मग पेडल बहुधा मऊच राहतं.

इलेक्ट्रिक गाडीत गियरच नाही, मग स्पोर्ट कसला?

तिथे फक्त नळ उरतो. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण पीळ देते, त्यामुळे तिला चवड्यांवर बसायची गरज नाही, ती कायम उभीच असते. स्पोर्टमध्ये पेडल तिखट होतं, आणि साध्या मोडमध्ये बॅटरी वाचवायला राखून ठेवलेली ताकद काही गाड्यांत मोकळी होते. घाट उतरायचं काम तिथे मोटर उलटी, जनित्रासारखी चालून करते, आणि मघाच्या दोन कळशांपैकी बरीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. त्याची पातळी बहुधा वेगळ्या बटणावर असते.

मामांना मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. एकच सांगितलं. रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, ‘डी’मध्ये ४० च्या वेगाने चालत राहा. पाय हलवू नका. मग ‘एस’ लावा आणि बाजूला बसलेल्या मामींना वेगाचा नाही, दुसरा काटा बघायला सांगा. काटा हजारभर फेरे वर उडी मारेल, वेग मात्र लगेच फारसा बदलणार नाही. आता पाय सावकाश पूर्ण काढा. गाडी मागून कुणी धरल्यासारखी हळू होईल. हेच ‘डी’मध्ये करून बघा, ती घरंगळत राहील. हा फरक पायाला एकदा कळला की मग कुंभार्लीला जा, आणि माथ्यावरून खाली सुटण्याआधी, पहिल्या वळणाच्या अलीकडेच, ‘एस’ लावा.